बाबांना दिसू नये म्हणून

आनंदीने लॅपटॉपचं झाकण एवढ्या जोरात आपटलं, की पडवीत बसलेले धर्माजी दचकले.

"काय पडलं गं?"

"काय नाय. मांजर हाय," ती म्हणाली आणि तिने चिरागला डोळ्यांनी खुणावलं.

चिरागने आत येऊन झाकण हळूच उघडलं. चिकूच्या बाजारभावाच्या पानावर एक लाल चौकट उभी होती. 'गाठ लागतेय? वेळ घालवू नका!' खाली कॅन्सर तपासणीचा फोन नंबर. पुढचं वाचायला लेकाला धीर कुठला! त्याने फुली दाबली, तर दुसरी उघडली. ती बंद केली, तर तिसरी हजर. मेली पाठच सोडेना.

"यांनी बघितलं म्हंजे?" आनंदी कुजबुजली. "बंद कर बाबा कायमचं. पाया पडते तुझ्या."

धर्माजींना पोटात अल्सर झालाय, हे अख्ख्या तारापूर गावाला माहीत होतं. धर्माजींनाही. खरं काय ते फक्त या मायलेकांना. डॉक्टरांनी चिरागला एकट्याला आत बोलावून सांगितलं होतं, आता चिरफाड करण्यात अर्थ नाही, हवं ते खाऊ दे, वाडीत हिंडू दे. त्याच दिवशी दोघांनी ठरवलं, कळू द्यायचं नाही. आपल्याकडे घरोघरी हेच करतात. दुखण्याचं नाव ऐकूनच माणूस हाय खातो, असं आनंदीचं म्हणणं. म्हणून गोळ्यांची वेष्टनं चुलीत जात आणि फाइल चिरागच्या बोईसरच्या कंपनीतल्या कपाटात राही. एवढं सगळं जपलं, आणि चहाडी करायला निघाल्या कोण, तर या जाहिराती!

दुसऱ्या दिवशी त्याने कुशलला गाठलं. कुशल कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळायचा.

"अरे, आपण जे शोधतो, त्याच्याच जाहिराती मागे लागतात," कुशल म्हणाला. "घरच्या लॅपटॉपला आणि तुझ्या मोबाइलला खातं एकच आहे ना? मग मोबाइलवर शोधलंस तरी तिकडे दिसणार. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक एक्स्टेन्शन टाक. फुकट असतं. सगळे पॉपअप गुल!"

चिरागने हातातला मोबाइल खिशात सारला. रोज जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बाबांच्या आजाराचं शोधत कोण बसायचं? तोच. म्हणजे हे पाप आपलंच. घरी येईपर्यंत तो स्वतःला शिव्या घालत होता.

"आई, ते माझ्यामुळे येत होतं," लॅपटॉप मांडीवर घेत तो हळूच म्हणाला. "मी शोधतो ना बाबांसाठी."

आनंदी सुपात तांदूळ निवडत होती. तिने एक खडा उचलून बाहेर टाकला.

"असेल," मग म्हणाली. "कोणी काय शोधलं, ते पण दिसतं काय त्यात?"

"दिसतं. तेही पुसून टाकतो."

"पूस. वाचत बसू नको, आधी पूस."

त्याने एका दमात सगळं पुसलं. एक्स्टेन्शन टाकलं. बाजारभावाचं पान पुन्हा उघडून बघितलं. ना लाल चौकट, ना काही.

"झालं! आता बाबांना खुशाल बघू दे."

"सुटले बाई एकदाची," आनंदी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"तू पण किती वाळलीस गं. चल ना एकदा डॉक्टरकडे."

"मला काय धाड भरलीय? तू बाबांचं बघ."

रविवारी आनंदी मासळी आणायला बाहेर पडली, तशी धर्माजींनी पडवीतून हाक मारली. लॅपटॉप त्यांच्यापुढे उघडा होता.

"चिराग, त्या खिडक्या उघडायच्या ना मधेच, त्या परत चालू कर."

"कसल्या खिडक्या?" चिरागने वेड पांघरलं.

"गाठीच्या. मी वाचत होतो त्या."

चिराग त्यांच्याशेजारी येऊन बसला.

"माझं मला ठाऊक हाय रे," धर्माजी म्हणाले. "तू डॉक्टरकडून बाहेर आलास, तवाच तुझ्या तोंडावर वाचलं. तुमी दोघं एवढी धडपड करता, म्हटलं आपण पण अल्सर अल्सर करावं."

"बाबा…" त्याला हुंदका फुटला. सहा महिने कोंडलेलं सगळं बाहेर पडलं. धर्माजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"गप. माझ्यासाठी रडू नको. आई यायच्या आत तुला येगळंच सांगायचंय."

"काय?"

"तू त्या खिडक्या शेवटपर्यंत वाचल्यास काय?"

"नाही. बघवतच नव्हतं मला."

"मी वाचल्या. दरखेपी वाचल्या," धर्माजी म्हणाले. "त्यात पोटाचं काय नव्हतं रे. बाईच्या छातीतल्या गाठीचं होतं."