अकराव्या नंबरची तळटीप

"मावशी, हे तुझंच नाव ना?"

भाच्याने मोबाइल पुढे धरला. मावशीच्या हातात सुतळी होती. प्रयोगशाळेतला तिचा शेवटचा आठवडा, गठ्ठे बांधायला तो आला होता. मघाशीच त्याने टोमणा मारला होता, की आयुष्यभर घासून लेख एकच, आणि त्याचा दाखला देणारा एकही माईचा लाल नाही.

खरंच होतं. बियांची पूड टाकून पिण्याचं पाणी कसं निवळवायचं, याचा तो लेख. इतर संशोधकांनी कुणाच्या लेखाचा किती वेळा दाखला दिला, याच्या संस्थेच्या यादीत त्याच्यापुढे अठरा वर्षं शून्य होतं.

मोबाइलवर ऑनलाइन विश्वकोश उघडा होता. पाणी निवळवण्याचं पान. खाली अकराव्या तळटीपेत मावशी. भाच्याने भाषा बदलली, नाव तिथेही. एकतीस भाषा निघाल्या. कित्येक लिप्या दोघांनाही वाचता येईनात, पण तळटीप तीच. रोज हजारो लोक ते पान बघत होते.

"अख्ख्या जगाला पाणी पाजलंस की गं."

मावशीने सुतळी खाली ठेवली. तिच्या लेखात कोणत्या पाण्याला किती पूड लागते याचा तक्ता होता, त्यात चूक होती. जास्त गढूळ आणि कमी गढूळ पाण्याचे रकाने उलटे छापले गेले होते. कमी गढूळ पाण्यात जास्त गढूळ पाण्याइतकी पूड पडली तर ते नासणार. लेख छापून आल्यावर दोन वर्षांनी तिच्या लक्षात आलं. दुरुस्तीचं पत्रही लिहिलं. मग यादीतलं शून्य बघितलं आणि पत्र खणात टाकलं. वाचतंय कोण?

"त्या पानावरचा तक्ता दाखव," ती म्हणाली. 

बोट ठेवून तिने आकडे वाचले. पुन्हा वाचले. बरोबर होते. भाच्याने आणखी चार भाषा काढल्या. तिथेही बरोबर.

पानात कुणी कधी काय बदललं याची नोंद असते. ती त्याने उघडली. कुणा अनोळखी शिक्षिकेने लिहिलं होतं, "मूळ लेखातला आलेख आणि तक्ता जुळत नाहीत. वर्गातल्या मुलांसोबत चाळीस बाटल्या भरून मोजलं. रकाने उलटे आहेत, इथे सरळ केलेत. बाकी काम चोख. तळटीप काढू नये."

मावशीने खणातून पिवळं पडलेलं पत्र काढलं. त्यावरची तारीख मोबाइलवरच्या तारखेशेजारी धरली.

शिक्षिकेची दुरुस्ती त्या पत्राच्याही दीड वर्ष आधीची होती.