फेनाकाकूंचा पुतण्या

"नाव?" बटाटे सोलता सोलता फेनाकाकूंनी विचारलं.

"डेर्क मुल्डर."

"जन्म?"

"सोळा फेब्रुवारी बावीस. काकू, झोपू द्या हो."

"झोपेतही हेच बरळायचं. वडील?"

"गवंडी. छातीच्या दुखण्यानं गेले."

"परवा पोटाच्या दुखण्यानं गेले होते!"

"दोनदा गेले असतील. हल्ली काय सांगावं."

पोराचं खरं नाव वुब्बो. दोन वर्षं तो सायकलवरून जर्मनांविरुद्धची पत्रकं पोचवत होता. एकदा रेल्वेचे रूळही उखडले होते. लपायचं हे सातवं घर. सापडला तर गोळी. पण आता तो घाबरतही नसे, नुसत्या जांभया देई.

काकूंनी मात्र पुतण्या चोख घडवला. भिंतीवर कुणा गवंड्याचा फोटो लावला. चारचौघा डच घरांसारखं त्यांच्याही संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. वाढदिवस कुणाचाही असो, गावात अभिनंदन घरातल्या सगळ्यांचं होई, आणि मंडळी खुर्च्या गोल मांडून बसत. युद्धात केक गेला, खुर्च्या राहिल्या. त्या कॅलेंडरात काकूंनी डेर्कचं नाव लिहिलं, तेही शाईत पाणी घालून. जुनं दिसायला हवं ना!

तीन आठवड्यांनी जर्मन सैनिक आले. गाद्या फाडल्या, कोंबड्यांचं खुराडंही उपसलं. सोबतच्या डच पोलिसानं ओळखपत्रातल्या फोटोवर नजर टाकली.

"वडील?"

"गवंडी. छातीच्या दुखण्यानं गेले," वुब्बो म्हणाला.

काकूंनी मनातल्या मनात त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

जर्मन सार्जंटनं कागदावर 'काही नाही' असं लिहिलं, खाली सोळा फेब्रुवारी तारीख टाकली आणि तो सैनिकांना घेऊन अंगणात गेला.

पोलीस रेंगाळला. "दमलो बघा, काकू. चार वर्षं झाली."

"कोण नाही दमलं?"

"तुमचा संडास वापरू का जरा?"

"जा की. उजव्या हाताला."

काकू मटकन खुर्चीत बसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या हाताला काही काम नव्हतं. वुब्बोनं डोळा मारला. घरात इतकं शांत होतं की कोंबड्या ऐकू येत होत्या.

पोलीस बऱ्याच वेळानं बाहेर आला. खोलीतल्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून हसला आणि हात पुढे केला.

"अभिनंदन, काकू."

त्याचा हात हातात घेत काकूंनी विचारलं, "कशाबद्दल?"