डोळ्यांवर रुमाल बांधून निवडलेलं लेथ मशीन

“कोणाला सांगितलं तर पटायचं नाही, पण हे लेथ मशीन मी डोळ्यांवर रुमाल बांधून निवडलं,” दाजी म्हणाले आणि पुरावा म्हणून खिशातला रुमाल फडकवला. “हाच तो!”

मेहुण्याला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. टेम्पो दारात उभा होता, मशीन दुकानात परत न्यायला. ताईचा हुकूमच होता. काल गादीत लोखंडाचा कीस टोचला तेव्हा तिने सांगून टाकलं होतं, “या घरात एक तर ते राहील, नाही तर मी!” तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

“दाजी, बाता नंतर. त्या बाजूने उचला.”

दाजी उलट स्टुलावर ऐसपैस बसले. जन्मभर कारकुनी केली, त्यानंतर उतारवयात लोखंड कातायचं हे एवढं एक खेळणं हाती लागलं होतं. ते गेलं की उरणार पेपर आणि डुलकी.

“अरे, ऐक तर! दुकानात दोन होती. एक हिरवंगार, नवरदेवासारखं नटलेलं. दुसरं हे, राखाडी, अंगावर पोपडे. मी डोळे बांधले, दोघांवरून नुसता हात फिरवला आणि हिरव्याला म्हटलं, बाबा रे, तू आतून पोकळ! दुकानदाराला दरदरून घाम. म्हणाला, साहेब, उद्यापासून गल्ल्यावर तुम्हीच बसा!”

स्वयंपाकघरात एक पातेलं जोरात आदळलं.

दाजींनी आवाज आणखी चढवला. “तुझी ताई होती की सोबत. पण त्या बिचारीला यातलं काय कळणार! ती बाकावर बसून पेंगत होती.”

स्वयंपाकघर एकदम चिडीचूप झालं. दुसऱ्याच क्षणी ताई दारात उभी, हाताला साबणाचा फेस तसाच.

“पेंगत होते? मी?” ती भावाकडे वळली. “अरे, हे त्या हिरव्याला कवटाळून बसले होते, जत्रेतल्या पोरासारखे! रंगाला भुलले. चाक मी फिरवून बघितलं. चाक फिरतंय, फिरतंय, आणि पुढचं हत्यार आपलं जागेवर ढिम्म! माझ्या शिलाई मशीनचं चाक इतकं ढिलं असतं तर जन्मात एक टाका सरळ पडला नसता. मग याचं फिरवलं. चाकाला बोट लावायचा अवकाश, हत्यार हललं! दुकानदार हिरवंच गळ्यात मारत होता. मी भांडून हे घेतलं.”

“ऐकलंस?” दाजी पुटपुटले. “आता श्रेयही तिलाच हवं.”

“हवं म्हणजे? आहेच माझं! रुमाल म्हणे! खोटं, साफ खोटं! हे मशीन मी निवडलंय, मी! आणि तू रे, त्याला कशाला हात लावतोयस? हो बाजूला!”

मेहुण्याने हात काढला. एकदा ताईकडे पाहिलं, एकदा दाजींकडे, आणि टेम्पोची किल्ली खिशात टाकली.

दाजी चोरी पकडली गेल्यासारखे खाली मान घालून बसले होते. तोंडावर तोच रुमाल घट्ट धरलेला, आणि रुमालाआड दाबलेल्या हसण्याने मिशा थरथरत होत्या.