मनोऱ्यातली घंटा

ऑस्करने मनोऱ्याच्या दाराला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली, तेव्हा युजीन वर घंटेपाशी होता. वसईगावातल्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीचं आज पुन्हा उद्घाटन. गर्दीतलं कोणी वर चढू नये म्हणून ही खबरदारी. वर माणूस आहे का, एवढं विचारायलाही ऑस्करला फुरसत नव्हती. उद्घाटनाच्या समितीत घेतलं होतं ना त्याला!

युजीन सुतार. घंटेचा लाकडी दांडा त्यानेच नवा बसवला होता. एक पाचर ठोकून लगेच निघणार होता. मोबाइल खाली स्कूटरच्या डिकीत. भिंतीपलीकडच्या चर्चच्या घंटेबरोबरच ही घंटा एकाच साच्यातून ओतलेली, नादही तोच, पण गेल्या साठ वर्षांत हिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

घरी आय शेवटच्या घटका मोजत होती. बायको थेरेसा एकटीच तिच्या उशाशी. सकाळी निघताना आय म्हणाली होती, "अकराला फादर येतील. त्याआधी ये. तुझ्या हातचं पाणी पिऊनच जाईन मी."

पावणेअकरा झाले. त्याने दार बडवलं, जाळीतून घसा फोडून हाका मारल्या. खाली लाउडस्पीकर लागलेले. पाहुणे चौथ्यांदा 'ऐतिहासिक' म्हणाले. पहिल्या रांगेत ऑस्कर मान डोलवत बसला होता. शेजारी आहे मेला, भिंतीला भिंत लागून घर! युजीनला रडूच आलं.

घंटा वाजवावी? लोक कार्यक्रमातलीच समजतील आणि टाळ्या पिटतील. मग त्याला सुचलं. गावात कोणी गेलं की चर्चमध्ये वाजते, तशी वाजवायची. एक टोला, मग थांबायचं, पुन्हा एक टोला. ती ऐकून आपली माणसं बसून राहणारच नाहीत.

त्याने दोर धरला.

सातव्या टोल्याला खुर्च्या सरकल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी क्रुसाची खूण केली. पाहुणे बोलायचे थांबले. ऑस्कर तर उठून थेट मनोऱ्याच्या दिशेनेच धावत सुटला. युजीन धडपडत जिना उतरला आणि दाराला कान लावून उभा राहिला. सुटलो, बाबा.

पावलं दारापर्यंत आली, आणि तशीच पुढे गेली.

"चला, चला, थेरेसा एकटीच आहे घरी," ऑस्कर धापा टाकत सांगत होता. "आणि युजीनला शोधा रे कोणीतरी. त्याची आय गेली, अन् हा बाबा आहे कुठे?"