दुसरी भाकरी

उत्कर्षाने दुसरी भाकरी मागितली, तेव्हा सुकन्याला आधी खरंच वाटेना. महिनाभर ही पोरगी ताटाला नुसती शिवून उठायची. खाल्लं की पोटात मुरडा, आणि क्लासची टेस्ट असली की उलटी. बेंबी सरकली म्हणून ती बसवून झाली, दृष्ट काढून झाली, सोनोग्राफीही झाली. सापडलं काहीच नाही. शेवटी डॉक्टरांनी जवळ बसवून विचारलं, तेव्हा तिने रडत सांगून टाकलं, की मला मेडिकलला जायचंच नाही. दुखणं पोटाचं नाही, त्या टेस्टचं आहे, असं डॉक्टर म्हणाले. जोतिरामने त्यांच्यासमोरच लेकीला शब्द दिला. क्लास बंद. पोरीपेक्षा का क्लास मोठा आहे?

त्या शब्दावर ती आज जेवत होती. शेंगाचटणीवर तेल घेऊन, बोटं चाटत. जोतिराम समोर बसून एकेक घास बघत होता. मूळच्या करकंबच्या या घरात बरं झाल्याची खूण एकच. चटणी-भाकरी पचली की माणूस खडखडीत.

"दुखतंय का?" त्याने विचारलं.

"न्हाय पप्पा. अजिबात न्हाय." ती हसली. किती दिवसांनी हसली.

"मग आवर. क्लासला सोडतो. सरांना कालच फोन केलाय."

तिचा घास तोंडातच फिरायला लागला.

"तुमी डॉक्टरांपुढं कबूल केलं होतं, पप्पा."

"केलं होतं की. ते औषध होतं. लागू पडलं, आता बंद."

हे तो अगदी मायेने बोलला, आणि तेच तिला जास्त लागलं. तिने आईकडे पाहिलं. सुकन्याने तव्यावरची भाकरी उलटली, पुन्हा उलटली, पण मान काही वर केली नाही. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. 'खा गं, आता कसलं टेन्शन' म्हणत रोज वाढत होती तीच ही आई. परक्याने फसवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इथे घरच्यांनीच केसाने गळा कापला होता.

ओळखीची कळ वर चढली. उत्कर्षा पोट धरून वाकली.

"पप्पा, दुखतंय. खरंच दुखतंय."

जोतिराम गाडीची किल्ली घेऊन उठला होता.

"आता सोंग नको, बाळा," तो म्हणाला. "दोन भाकऱ्या खाल्ल्यास की. माझ्या डोळ्यांदेखत."