बुटकी बटणं, उंच बटणं

रश्मीने मुठीतली माती दाबली आणि बोटं उघडली. गोळा क्षणभर टिकला, मग मधोमध तडकला. तिने तो पुन्हा दाबला. या वेळी तळहातावर नुसती पूड उरली.

"काय म्हणते माती?" अजितने विचारलं.

"तुला दिसतंय तेच."

परळच्या बंद गिरणीच्या आवारात, पनवेलकडून आणलेल्या चिकणमातीचे उड्यांचे उंचवटे आणि वळणं उभी राहिली होती. एकेक डंपर रिकामा होताना रश्मी तिथे हजर होती. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलगी मोटरसायकलच्या शर्यतीपायी उन्हात काळी पडतेय, हे चाळीत कुणाला पटत नव्हतं. तिची आई कांता तेवढी म्हणायची, "भाऊ गाडी मारतो म्हटल्यावर बहीण घरात बसेल होय?"

अजितच्या तंबूत टायरांच्या दोन जोड्या टेकवून ठेवल्या होत्या. एकीची रबरी बटणं बुटकी आणि दाट. सुक्या, कडक मातीला ती घट्ट धरतात, पण चिखल भरला की टायर गुळगुळीत होऊन बसतो. दुसरीची बटणं उंच आणि विरळ. ती ओल्या मातीत रुततात, चिखल झटकून टाकतात. सुक्यावर मात्र लवतात आणि गाडी वळणाला डुलते. शिट्टी झाली की टायर बदलायचे नाहीत, असा नियम होता. मेकॅनिक दीपक पाना हातात धरून ताटकळला होता.

"ताई, फटाफट बोल ना," अजित म्हणाला. "वरचा भाग सुकलाय, खालच्या वळणांत सकाळचं पाणी अजून आहे. फायनलला काय असणार?"

"अजून ठरलं नाही."

"आमटीत मीठ टाकतानाही तू असंच करतेस. आम्ही उपाशी."

"तिला वजनकाटा दे रे," दीपक म्हणाला. रश्मीलाही हसू आलं.

मग अजित जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आज पहिला आलो तर मोटरसायकल कंपनीच्या टीममध्ये जागा. नाहीतर सोमवारपासून मामाचा टेम्पो. माहितीये ना तुला?"

"माहितीये."

"मग एकच शब्द. सुकं की ओलं?"

तिने हात झटकले आणि ती पुढे निघाली. शेजारच्या तंबूतला कोल्हापूरचा मेकॅनिक उठून उभा राहिला. "मॅडम, आम्हाला तरी सांगा की."

"तुम्हालाही दिसतंय तेच."

"बरोबर," अजित मागून ओरडला. "त्यांना काय बी सांगू नको."

शेवटचा सराव सुरू झाला. इंजिनांच्या आवाजाने पत्रे थरथरले, स्टँडमधली पोरं शिट्ट्या मारत उठली. रश्मीच्याही अंगावर काटा आला. पहिली गाडी मोठ्या उडीवरून झेपावली आणि मागे धुळीची भिंत उभी राहिली. दुसरा रायडर त्या भिंतीत आंधळाच शिरला. खाली उतरला तेव्हा पुढच्याच्या चाकापासून हातभर लांब होता.

"बघितलास धुरळा?" अजितने दीपकच्या पाठीत थाप मारली. "मिळालं उत्तर. बुटकी लाव."

रश्मी परत आली तेव्हा दीपक चाकं चढवत होता.

"बरोबर ना ताई?"

"गाडी तुझी आहे, अजित."

शिट्टी झाली. गाड्या सुरुवातीच्या जाळीमागे ओळीने लागल्या, टायर कुणी बदलू नये म्हणून त्यांवर खुणेचे रंगाचे ठिपके पडले. अजितने तिला अंगठा दाखवला. गाडीवर बसूनही तो जागच्या जागी उसळत होता. रश्मीने एकदा त्याच्याकडे, एकदा मोठ्या उडीकडे पाहिलं आणि वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

"ट्रॅकप्रमुख रश्मी बोलतेय," ती म्हणाली. "धुळीत रायडरला पुढचं दिसत नाही, टँकर आत घ्या. सुरुवातीपासून शेवटच्या उडीपर्यंत, सगळीकडे पाणी मारा."