पहिला नमुना

"लग्नाची नोंद होणार नाही," विवाह कार्यालयातला कारकून डॉ. मृदुला केंकरे यांच्यासोबत आलेल्या त्यांच्या भाचीला म्हणाला. "रक्ततपासणीच्या यंत्राने तुमच्या नवव्या गुणसूत्राचा एक तुकडा उलटा दाखवलाय." आधार म्हणून त्याने पुढे सरकवलेला तक्ता मृदुलाबाईंनीच तयार केलेला होता.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. असली उलटापालट झालेली गुणसूत्रं तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती.

"याच तक्त्याखाली मी लिहिलंय, की या उलट्या तुकड्याने काहीही बिघडत नाही. ती ओळ कुठे गेली?"

"नियमावलीत फक्त तक्ता घेतलाय, मॅडम."

"मग त्यातला पहिला नमुना बघा. ते रक्त माझं आहे. हा तुकडा मला आईकडून आला. तुमचा नियम तेव्हा असता, तर तिचं लग्नच झालं नसतं. मग हा तक्ता काय तुम्ही केला असता?"